एटोशा की ख्गालागाडी? आई-बाबा आणि आठ वर्षांच्या लेकीला घेऊन सफारी, सल्ला हवा

सोनकी
नमस्कार मंडळी,
आमच्या घरात गेली तीन वर्षं "पुढच्या वर्षी आफ्रिका" असं चाललंय. यंदा मात्र ठरवलंच. आम्ही पाच जण: मी, नवरा, लेक (८), आई (६६) आणि बाबा (७१). ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात दहा-बारा दिवस मिळतील. गणपतीच्या आधी घरी परतायचंच आहे, नाहीतर सासूबाई आम्हालाच विसर्जित करतील.
ओळखीचे सगळे मसाई मारा म्हणतात. पण एका सिंहाभोवती वीस गाड्या, हे चित्र डोक्यातून जात नाही. कोरड्या प्रदेशातली अभयारण्यं वाचत गेले आणि दोन नावांवर अडकले: नामिबियातलं एटोशा आणि दक्षिण आफ्रिका-बोत्स्वानाच्या सीमेवरचं ख्गालागाडी. दोन्हीकडे आपली गाडी आपण चालवायची म्हणतात. ते ज्येष्ठांना आणि मुलीला घेऊन जमेल का? गाडी बिघडली तर? आई शुद्ध शाकाहारी आहे, तिचं काय?
बाबांविषयी थोडं. बँकेतून निवृत्त झालेत. आयुष्यातली सगळ्यात मोठी मिरवायची गोष्ट म्हणजे मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मचाणावर जागवलेली रात्र. दोन रानडुकरं आणि एक अस्वल दिसलं होतं. चाळीस वर्षं गोष्ट तीच आहे, अस्वल तेवढं दरवर्षी थोडं वाढतं. गुडघे आता कुरकुरतात, पण "मचाण असेल तर येतो" म्हणालेत.

टिवल्याबावल्या
एकीच्या नावातच गाडी आहे, आणखी काय विचारताय? बसा आणि निघा.

दुर्बीण
सोनकी, तुमच्या बाबांच्या एका वाक्यात उत्तर आलं. एटोशा.
आपल्याकडच्या सफारीची सवय अशी की जिप्सी पळवायची, जनावरांचा धोक्याचा कॉल ऐकायचा, पुन्हा पळवायची. कोरड्या मुलखात हे उलटं होतं. मे ते ऑक्टोबर पाऊस जवळपास नाहीच, सगळीकडचं पाणी आटतं आणि उरतात ते मोजके पाणवठे. काही नैसर्गिक झरे, काही बोअर मारून भरलेले. जनावराला तिथे यावंच लागतं. म्हणजे तुम्ही जनावर शोधत फिरायचं नाही, पाण्यापाशी बसायचं. इंजिन बंद, काचा खाली, थर्मासमधला चहा हातात. आम्ही २०१९ च्या सप्टेंबरात एका पाणवठ्यावर सकाळी साडेसातला गाडी लावली ती अकराला हलवली. त्यात झेब्रे (मोजणं सोडून दिलं), स्प्रिंगबॉक, ओरिक्स, कुडू, शहामृग, शेवटी अठरा हत्ती. हत्ती आले तशी बाकीच्यांनी मुकाट जागा सोडली, लग्नात वरपक्ष आल्यासारखी.
आकाराचा अंदाज देतो. ताडोबा बफरसकट १,७२७ चौरस किलोमीटर. एटोशा २२ हजारांच्या वर. मधोमध खारं पॅन आहे, म्हणजे सपाट पांढरं मीठमातीचं मैदान, सुमारे ४,८०० चौरस किमी. अख्खी मुंबई उपनगरांसकट त्यात कित्येक वेळा बसेल. एटोशा म्हणजे तिथल्या ओशिंदोंगा भाषेत साधारण "मोठी पांढरी जागा". तीच माती अंगावर घेऊन हत्तीसुद्धा पांढरे होतात. पहिल्यांदा बघताना वाटतं, कुणीतरी चुना मारून सोडलेत.
आणि मुख्य गोष्ट. ओकाउक्वेयो, हलाली, नामुतोनी ही तिन्ही जुनी मुक्कामाची ठिकाणं कुंपणाच्या आत आहेत आणि तिन्हीकडे मुक्कामालाच लागून पाणवठा आहे, रात्री दिवे लावलेला. संध्याकाळी गाडी आत आणावीच लागते, सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच मुभा. पण बाबा जेवून, स्वेटर घालून, खोलीपासून चालत जाऊन बाकावर बसतील आणि समोर काळा गेंडा पाणी पीत असेल. शिडी नसलेलं मचाणच म्हणा.

मेघना_एस
जळजळ झाली, इनो घेतलं. वाचनखूण साठवली.

नागपूरकर_काका
लाखो रुपये घालवून पाणवठ्यावरच बसायचं असेल तर मे महिन्यात आमच्याकडे या. ताडोबाच्या मोहर्ली गेटपासून दहा मिनिटांवर राहायची सोय करून देतो. वाघ आफ्रिकेत दिसणार नाही, हे लेकीला आधीच सांगून ठेवा. आमचा नातू केनियात तिसऱ्या दिवशी "वाघ कधी?" म्हणून रडला होता.

टिवल्याबावल्या
काका, मे महिन्यात विदर्भात येणाऱ्यालाच प्राणी म्हणून मोजतील.

जोबर्गची_सून
मी चौदा वर्षं इकडे आहे. ख्गालागाडीला पाच वेळा गेले, एटोशाला दोनदा. त्यामुळे मत एकतर्फी आहे, कृहघ्या (कृपया हलके घ्या).
आधी उच्चार. सुरुवातीचा "ख्ग" घसा खाकरल्यासारखा घशातून काढायचा. नवऱ्याला अजून जमत नाही, तो कलहारी म्हणून सुटतो.
ख्गालागाडीत हत्ती नाही, गेंडा नाही, रानम्हैस नाही. "बिग फाइव्ह"ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादी घेऊन येणारा माणूस हिरमुसतो. पण औब आणि नोसोब या दोन कोरड्या नद्यांच्या पात्रातून रस्ते जातात, दोन्ही बाजूंना तांबड्या वाळूच्या टेकड्या, आणि त्या तांबड्यावर काळ्या आयाळीचा सिंह उभा राहिला की कॅमेरा बाजूला ठेवावासा वाटतो. चित्ता उघड्या पात्रात शिकार करताना दिसतो. चांदी अस्वल (हनी बॅजर हो, सोनकीच्या बाबांसाठी मुद्दाम) दिवसाढवळ्या बिळं उकरत फिरतं आणि मागे शिक्रा जातीचा एखादा पक्षी उरलंसुरलं उचलायला. काटेरी बाभळींवर वीव्हर पक्ष्यांची सामायिक घरटी असतात. आपल्या सुगरणीचा एक नाजूक खोपा डोळ्यांपुढे आणू नका. अख्खी गवताची गंजी झाडावर चढवून ठेवल्यासारखं दिसतं, कधीकधी वजनाने फांदी मोडते. आत शंभरेक जोड्यांचा वाडा. आणि त्यात अधूनमधून पिवळा नाग भाडं वसूल करायला येतो.
पण सोनकी, तुझ्यासाठी अडचणी आहेत. १) खरी मजा कुंपण नसलेल्या छोट्या कॅम्पांत, आणि त्यांतल्या बहुतेकांत बारा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. २) ट्वी रिफीरन (प्रवेशद्वाराजवळचा मुख्य कॅम्प) ते नोसोब कॅम्प १६० किलोमीटर, वेगमर्यादा ५०, रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा. चार तास सगळा खुळखुळा. बाबांच्या गुडघ्यांना विचार. ३) थंडी. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली, ऑगस्टच्या पहाटेही दात वाजतात. ४) बुकिंग अकरा महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा भराभर जातात. ऑगस्टसाठी आता बघत असशील तर उरलंसुरलं मिळेल.
एक मात्र खरं. तिकडे मलेरियाचा धोका अगदी कमी.

दुर्बीण
सूनबाईंनी माझंच काम केलं. :)
शिक्रा नव्हे, चँटिंग गॉसहॉक. शिक्र्याच्या कुळातलाच.

जोबर्गची_सून
पक्षीवाले आले की धाग्याचं कल्याण होतं.

सोनकी
बापरे, इतके प्रतिसाद! बारा वर्षांचा नियम माहीतच नव्हता, म्हणजे ख्गालागाडी लेक मोठी झाल्यावर. मग एटोशात गाडी आपण चालवायची की चालक घ्यायचा? नवऱ्याला चालवायची हौस आहे, आईला त्याच्या हौसेची भीती आहे.

भटका_बोका
चालवा. नामिबियातही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टेअरिंग उजवीकडे. विंडहुक ते ओकाउक्वेयो सुमारे ४३५ किलोमीटर, ओकाहांजा, ओचिवारोंगो, औच्यो असं जात पूर्ण डांबरी. रस्ता इतका सरळ की झोप हाच धोका. पार्कच्या आत खडीचे रस्ते, पण मर्यादा ६० आहे आणि त्याहून कमीच चालवायचं असतं, नाहीतर दिसणार काय?
माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. आम्ही एटोशानंतर समुद्राकडे निघालो, खडीच्या रस्त्याने. गुळगुळीत वाटला, नव्वदने सोडली. एका वळणावर मागचा भाग असा सरकला जसा ओल्या फरशीवर पाट सरकतो. ब्रेक मारला असता तर उलटलोच असतो. पाय उचलला, स्टेअरिंग घट्ट धरलं, गाडी कुसळांत जाऊन थांबली. बायको तासभर बोलली नाही, नंतर चार तास बोलली. तिकडे पर्यटकांचे मोठे अपघात याच प्रकाराने होतात, समोरून कुणी नसताना. खडीवर ८० म्हणजे कमाल, मी ६५ च्या पुढे जात नाही.
दुसरं, टायर. अणकुचीदार दगड असतात. दोन स्टेपन्या मागा आणि गाडी ताब्यात घेतानाच जॅक, पाना बाहेर काढून एकदा लावून बघा. मला ज्यांनी गाडी दिली त्यांचा जॅक त्या गाडीचाच नव्हता! पाण्याअभावी नाही, जॅकअभावी अडीच तास बसलो. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवून सोडवलं, पैसे घेतले नाहीत, भारत म्हटल्यावर क्रिकेटवर बोलला. विमा घेताना टायर आणि समोरची काच त्यात आहे का ते वाचा. बहुतेक वेळा नसते.
खडीवर टायरमधली हवा थोडी कमी ठेवतात, डांबरीवर पुन्हा भरायची. छोटा कंप्रेसर मागून घ्या.

टिवल्याबावल्या
"तासभर बोलली नाही." लोक यासाठी हिमालयात जातात.

डॉक्टरीणबाई
कंटाळवाणं पण कामाचं लिहिते.
मुंबईहून विंडहुकला थेट विमान नाही. जोहान्सबर्गमार्गे किंवा आदिस अबाबामार्गे जावं लागतं. आदिसमार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लसीचं प्रकरण आधीच तपासा, इथिओपिया त्या यादीत आहे. किती तास थांबता, विमानतळाबाहेर पडता का, यावर नियम फिरतात, आणि भारतात परत शिरतानाही विचारतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. साठीच्या पुढच्यांना ही लस पहिल्यांदाच देताना डॉक्टर जपून विचार करतात. त्यामुळे आई-बाबांसाठी लस टळेल असा मार्ग निवडणं सोपं पडेल.
एटोशा भागात मलेरियाचा धोका असतो, पावसाळ्यात जास्त, ऑगस्टमध्ये बराच कमी. गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांशी बोला, बाबांची बाकी औषधं काय आहेत ते बघून. लेकीचा आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला इंग्रजीत घ्या, सीमेवर मुलांसाठी मागतात. व्हिसाचे नियम बदलत असतात, दूतावासाचं वाचा, आमचं नको.

खादाड_भाऊ
खाण्याचा प्रश्न सगळ्यांनी चलाखीने टाळलाय. मी आलो.
स्वयंपाकाची सोय असलेल्या खोल्या घ्या आणि विंडहुकच्या सुपरमार्केटात दोन पिशव्या भरून निघा. तांदूळ, डाळ, बटाटे, कांदे, दही, पाव सगळं मिळतं. गोडा मसाला, हिंग, भाजणी घरून. प्रत्येक खोलीबाहेर विस्तवाची जागा असते, तिकडे त्याला "ब्राय" म्हणतात आणि तो धर्म आहे. लोक मांस भाजतात, आम्ही वांगी भाजली. बाभळीच्या जातीचं कॅमलथॉर्नचं लाकूड मंद आणि तासन् तास जळतं. शेजारचा जर्मन गृहस्थ भरताची वाटी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी वांगं घेऊन परत आला.
आणि सोनकी, तुमच्या आईंना सांगा की उत्तर नामिबियाचं मुख्य धान्य बाजरी आहे! महांगू म्हणतात. त्याची घट्ट उकड, ओशिफिमा, हाताने मोडून पालेभाजीला लावून खातात. मी बाजारात महांगूचं पीठ बघून हेलावलो. भाकरी थापली, जाडी झाली, पण फुगली.
मांसाहारी मंडळींना सूचना: देशाच्या आडवं एक पशुवैद्यकीय कुंपण आहे, "रेड लाइन" म्हणतात. गुरांचे रोग दक्षिणेत येऊ नयेत म्हणून उत्तरेकडून खाली कच्चं मांस आणू देत नाहीत. नाक्यावर गाडी उघडून बघतात. वांग्यांना कुणी हटकलं नाही.

मेघना_एस
भाकरी फुगल्याचा फोटो नाही तर फुगली नाही.

नागपूरकर_काका
बाजरीचं ऐकून माझा विरोध जरा नरमला आहे. पण मला सांगा, आपण तिथून चित्ते इथे आणतो आणि आपली माणसं चित्ता बघायला तिकडे जातात, हा काय व्यवहार?

दुर्बीण
काका, १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत सोडले ते पहिले आठ नामिबियातूनच आले होते. जंगली चित्त्यांची जगातली फार मोठी संख्या त्या देशात आहे आणि गंमत म्हणजे बहुतेक पार्कांत नाहीत, गुराढोरांच्या शेतांवर आहेत. पार्कात सिंह-तरस त्यांची शिकार हिसकावतात, पिल्लं मारतात. त्यामुळे एटोशात चित्ता दिसतो, पण हमखास नाही.

रंकाळा
अवांतर: आफ्रिकेतून चित्ता आणायची हौस नवी नाही. आमच्या कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणत आणि ते सांभाळणारे चित्तेवान असत. आजोबा सांगायचे, चित्ता डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून न्यायचे, माळावर काळवीट दिसलं की पट्टी काढायची.

टिवल्याबावल्या
म्हणजे तेव्हाही गाडीतून सफारी होती. फक्त चित्ता आत आणि बघणारे बाहेर.

लेन्सवाला
४०० मिमीच्या खाली काही नेऊ नका. खरं तर ६००. आणि बीन बॅग, काचेवर ठेवायला.

दुर्बीण
असहमत. पाणवठ्यावर हत्ती इतके जवळ येतात की ६०० मध्ये नुसता कान मावतो. पाच जणांची मिळून एक चांगली दुर्बीण न्या, लेकीच्या गळ्यात अडकवा.

लेन्सवाला
आयडी बघूनच ओळखायला हवं होतं.

सोनकी
लेक विचारतेय, तिकडच्या प्राण्यांना तहान लागत नाही का? इतकं कोरडं आहे तर?

दुर्बीण
लेकीला शाबासकी. तिला ओरिक्सची गोष्ट सांगा. लांब सरळ शिंगं, तोंडावर काळे-पांढरे पट्टे, रामलीलेतल्या मुखवट्यासारखा. उन्हात हा घाम गाळत बसत नाही, अंगाचं तापमान चढू देतो. आपण त्या तापाने बेशुद्ध पडू. पण मेंदूकडे जाणारं रक्त मेंदूच्या तळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळीतून, नाकाकडून आलेल्या गार रक्ताशेजारून जाताना थंड होतं, माठातल्या पाण्यासारखं. रात्री गारव्यात साठलेली उष्णता सोडून देतो. पाणी नसेल तर कंदमुळं आणि रानकलिंगडं खाऊन भागवतो.
आणि पखुर्डी. आपल्या माळरानावरही असतात. तिकडच्या जातीचा नर सकाळी पाणवठ्यावर येऊन पोट पाण्यात बुडवून बसतो. त्याच्या पोटाची पिसं स्पंजासारखी पाणी धरतात. मग तो कित्येक किलोमीटर उडत घरट्यापाशी जातो आणि पिल्लं त्याची पिसं चोखून पाणी पितात. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला थवेच्या थवे येतात. सिंहाच्या नादात लोक बघत नाहीत.
सोलापूरजवळच्या नान्नजला ज्यांनी माळढोक शोधण्यात दिवस घालवलेत त्यांना तिथला कोरी बस्टर्ड पाहून भरून येईल. माळढोकाचाच चुलतभाऊ, रस्त्याच्या कडेने शाळामास्तरासारखा चालत असतो.

जोबर्गची_सून
एक गोष्ट लिहायची राहिली, ब्रोशरात नसते. हे रान "निर्मनुष्य" दिसतं, पण तसं ते नव्हतं. एटोशा १९०७ साली जर्मनांनी राखीव केलं, तेव्हा ते आजच्याहून कितीतरी मोठं होतं. तिथे हाइओम लोक पिढ्यान् पिढ्या शिकार-कंदमुळांवर राहत होते. १९५४ मध्ये त्यांना बाहेर काढलं, काहींना पार्कातच मजूर म्हणून ठेवलं. ख्गालागाडीतही खोमानी सान लोकांना हुसकावलं होतं, त्यांचा जमिनीचा दावा १९९९ मध्ये मान्य झाला. नामुतोनीला तो पांढरा किल्ला दिसेल, सगळे त्यापुढे फोटो काढतात. १९०४ मध्ये ओंडोंगाच्या नेहाले राजाच्या लोकांनी तिथल्या जर्मन ठाण्यावर हल्ला केला होता, आत सात सैनिक होते. आता पार्काच्या उत्तरेच्या दरवाजाला त्याच राजाचं नाव आहे. लेकीला तेही सांगा.

नागपूरकर_काका
हे बरं केलंत. मेळघाटातल्या कोरकू गावांच्या पुनर्वसनावर असाच धागा निघाला पाहिजे. इथे नको, पण निघाला पाहिजे.

भटका_बोका
गेंड्याचे फोटो टाकताना जागेचं नाव, पाणवठ्याचं नाव लिहू नका आणि फोनमधलं लोकेशन बंद ठेवा. चोरटे शिकारी तेही वाचतात. तिकडे शिकार टाळायला गेंड्यांची शिंगं कापतात, त्यामुळे शिंग नसलेला दिसला तर "आजारी आहे का" असं विचारू नका. मी विचारलं होतं.

सोनकी
ठरलं! जोहान्सबर्गमार्गे विंडहुक. तीन रात्री ओकाउक्वेयो, दोन हलाली, दोन नामुतोनी, मग परत. समुद्र, वाळूच्या टेकड्या सगळं कापलं. नवरा म्हणाला "इतक्या लांब जाऊन एकच ठिकाण?" बाबा म्हणाले, "मचाणावरून मचाणावर उड्या मारत नाहीत." विषय संपला.
शेवटचं विचारते. नोटा कुठल्या न्यायच्या?

जोबर्गची_सून
अगदी बरोबर केलंस. रँड घे. नामिबियन डॉलर रँडला एकास एक बांधलेला आहे आणि तिथे रँड चालतो. उलट चालत नाही, त्यामुळे निघताना नामिबियन डॉलर संपवून टाक. पेट्रोल तिन्ही मुक्कामांवर मिळतं, पण कधी संपलेलंही असतं. अर्ध्यावर आलं की भरायचं. आणि लोकरीच्या टोप्या विसरू नका, बाकावर रात्री हाडं गोठतात.

(सात आठवड्यांनंतर)

सोनकी
आलो! सविस्तर वेगळं लिहीन, पण आधी इथे हजेरी लावते, कारण सहल या धाग्याने केली.
गाडी ताब्यात घेताना नवऱ्याने जॅक बाहेर काढून लावला. गाडीवाला बघतच राहिला. एकदा टायर गेला, नेमका सिंहीण बघून पुढे आल्यावर. गाडीतून उतरायला बंदी असते, त्यामुळे हळूहळू रिमवर रडतखडत कुंपणाच्या स्वच्छतागृहापर्यंत गेलो आणि तिथे बदलला. आईने तेवढ्यात रामरक्षा दोनदा म्हटली.
लेकीला पखुर्ड्या दिसल्या. नऊला दहा मिनिटं असताना, ढगासारख्या. एक नर खरंच पोट भिजवत बसला होता आणि ती इतक्या जोरात "बाबा, माठ!" म्हणाली की शेजारच्या गाडीतल्या बाई हसल्या. (माठ ओरिक्सचा होता, पण असो.) जिराफ पाणी पिताना पुढचे पाय किती वेळ जुळवत बसतो! तीनदा वाकला, तीनदा दचकून उभा राहिला, चौथ्यांदा प्यायला. पलीकडे एक कोल्हा हे सगळं बघत बसला होता.
आता बाबा. त्यांनी पुण्याहून आखीव वही नेली होती, आम्हाला न सांगता. वेळ, प्राणी, संख्या, कुठून आला, कुठे गेला, असे पाच रकाने, मेळघाटच्या गणनेच्या फॉर्मसारखे. पहिल्या रात्री आम्ही दहाला झोपायला गेलो, ते दोन स्वेटर आणि आईची शाल घेऊन बाकावर. पावणेदोनला मी घाबरून शोधायला गेले. पिवळट उजेडात पाणी आरशासारखं, समोर कुणी नाही, बाकावर चारच माणसं. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हाताने दाखवलं. काठावरचा एक दगड हलला. तो दगड नव्हता. पाणी पिताना आवाज येतो, गुरांच्या हौदावर येतो तसाच. मग मागून छोटा दगड आला.
वहीत नोंद आहे: "१.४०. गेंडा १, पिल्लू १ (मागे). पश्चिमेकडून." पिल्लू मागे म्हणजे काळा गेंडा, पांढऱ्याचं पुढे चालतं, हे त्यांना तिथल्या वाटाड्याने सांगितलं होतं. तेव्हापासून ते आम्हालाच शिकवत होते.
तीन रात्रींत मिळून ते साडेआठ तास झोपले. गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

दुर्बीण
पिल्लू (मागे)! सोनकी, बाबांना माझा नमस्कार सांगा. वहीची पानं स्कॅन करून टाकता येतील का? जागेचं नाव झाकून.

खादाड_भाऊ
आईंनी महांगू?

सोनकी
दोन किलो पीठ विकत घेतलं, तिथेच भाकऱ्या केल्या. शेजारच्या खोलीतली मुलं रांगेत उभी होती. फोटो आहे, मेघना!

नागपूरकर_काका
आणि अस्वलाचं काय झालं?

सोनकी
आफ्रिकेत आता कुठेच अस्वल नाही, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्या प्राण्यांच्या बेरजा आहेत. तळाला लिहिलंय, "अस्वल: ०. (मेळघाट: १, मोठे.)"

पावसाळी_पर्यटक
छान धागा. पूर्ण वाचला नाही. आम्ही आठ जण फेब्रुवारीत एटोशाला जाणार आहोत, तेव्हा पाणवठ्यावर प्राणी दिसतात ना?

टिवल्याबावल्या
दुर्बीणकाका, घ्या परत पहिल्यापासून.

दुर्बीण
फेब्रुवारीत पाऊस असतो, पाणी सगळीकडे, जनावरं पांगतात. पक्षी भरपूर, पाऊस चांगला झाला तर पॅनवर फ्लेमिंगो, स्प्रिंगबॉकची पिल्लं, गर्दी कमी. बाकी धागा वाचा हो, सकाळपासून मी हेच लिहितोय.